एक हॉल, एक टीव्ही, सहा माणसं: कुलूप लावायचं तरी कुठे?

पारिजातक, मुलुंड
घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा चार. टीव्ही एकच, तो हॉलमध्ये. मुलीचा अभ्यास तिथेच, जेवणं तिथेच, रात्री सासू-सासऱ्यांच्या गाद्याही तिथेच पडतात. दिवाळीत नवा स्मार्ट टीव्ही घेतला, त्याच्या रिमोटला माईकचं बटण आहे. टाइप करावं लागायचं तोवर धाकट्याची भीती नव्हती. आता पठ्ठ्या बटण दाबून "भूत" एवढंच म्हणतो आणि टीव्ही ओळीने पोस्टरं मांडून देतो. त्यातली निम्मी मलाही बघवत नाहीत.

दुसरं म्हणजे होमस्क्रीन. काही लावायच्या आधीच वर कुठल्यातरी वेब सिरीजची झलक आपोआप सुरू होते, आवाजासकट. आम्ही दोघं आठच्या आत घरी पोचत नाही (मध्य रेल्वेची कृपा). शाळा सुटल्यापासून मुलं आजी-आजोबांकडे, आणि ते सेटिंगच्या वाटेला जाणार नाहीत.

करता येईल असं काहीतरी सांगा. "टीव्ही विकून टाका" आणि "आमच्या लहानपणी" ही दोन वाक्यं सोडून काहीही चालेल.

उगाचच
माझ्याकडे तीच दोन होती. वाचतोय.

रिमोटवाला, कांदिवली
पारिजातक, बहुतेक घरांत होतं काय, की मुलांसाठी 'किड्स' प्रोफाइल करतात, त्यावर कार्टूनचं चित्र लावतात आणि निश्चिंत होतात. शेजारीच बाबांचं प्रोफाइल सताड उघडं असतं. आठ वर्षांच्या मुलीला तिकडे एकदा उजवीकडे सरकून ओके दाबायला किती वेळ लागतो? तेव्हा पिन लावायचा तो मोठ्यांच्या प्रोफाइलला. मुलांचं उघडंच राहू द्या.

नेटफ्लिक्सवर प्रत्येक प्रोफाइलला चार आकडी पिन लावता येतो. तिथेच, नवीन प्रोफाइल तयार करायलाही पिन मागावा अशी सोय आहे, ती नक्की चालू करा. नाहीतर पोरं स्वतःचं नवं कोरं प्रोफाइल काढून मोकळी होतात. एखादी ठरावीक मालिका नावानिशी बंदही करता येते. पण हे सगळं टीव्हीवर शोधत बसू नका. फोन किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून अकाउंटच्या पानावर जा. झलक आपोआप चालणंही तिथेच बंद होतं, प्रत्येक प्रोफाइलला वेगळं. जिओहॉटस्टारवर मुलांचं प्रोफाइल आणि पालकांचं लॉक दोन्ही आहेत. वैताग एवढाच की हे अ‍ॅपगणिक करावं लागतं. पाच अ‍ॅप असतील तर पाच वेळा. एक रविवार गेला समजा.

टीव्ही गूगल टीव्हीवाला असेल तर टीव्हीलाच मुलांचं प्रोफाइल करता येतं. त्यात तुम्ही निवडलेलीच अ‍ॅप दिसतात, रोजची वेळ ठरवता येते, झोपायची वेळ झाली की बंद होतं, आणि बाहेर पडायला पिन लागतो. दुसऱ्या कंपन्यांच्या टीव्हीत निदान अ‍ॅपला कुलूप लावायची सोय असते. फक्त मूळ पिन बदला. तो बहुतेक ठिकाणी ०००० असतो आणि हे पोरांना आपल्याआधी माहीत असतं.

पारिजातक
होमस्क्रीनवरच्या झलकेचं काय पण? ती कुठल्या अ‍ॅपमध्ये नाही, टीव्ही चालू केला की समोरच.

रिमोटवाला
गूगल टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये अकाउंटच्या आत 'फक्त अ‍ॅप' अशा अर्थाचा पर्याय आहे. तो लावला की शिफारशी जातात आणि नुसती अ‍ॅपची रांग उरते. त्याबरोबर आवाजाने शोधायची सोयही जाते. लोक त्यासाठी रडतात, तुमचं मात्र एका दगडात दोन पक्षी.

गिरणगावची
सगळं वाचलं, चांगलंच आहे. पण आमची खोली दहा बाय बाराची. तिथे प्रोफाइल कुणाचंही असो, बघतात सगळे. आणि बघितलं नाही तरी ऐकतातच, कानाला कुठे पिन लावणार?

आमच्याकडचा त्रास अ‍ॅपचा नाहीच. संध्याकाळी सात ते दहा, साधा केबलचा टीव्ही. आधी बातम्या: कुठल्यातरी सीसीटीव्हीतला मारहाणीचा तुकडा, भोवती लाल गोल, बाण, आणि तोच तुकडा दहा-बारा वेळा. मग गुन्ह्यांच्या नाट्य-रूपांतराचा कार्यक्रम. तो माणूस सुरा घेऊन जिन्यावरून हळूहळू चढतोय आणि माझी पोरगी वरणभाताचा घास तसाच तोंडात धरून बसलीय. गिळतच नाही. आईंना (सासूबाई) सांगितलं तर म्हणतात, "अगं, सावध राहायला शिकतात मुलं." सहा वर्षांची मुलगी सावध राहून करणार काय? ती संडासला एकटी जाईना. आमचा संडास चाळीच्या टोकाला आहे, म्हणजे रात्री उठायचं कुणी हे वेगळं सांगायला नको.

शेवटी केलं एवढंच. आईंना ब्लूटूथ हेडफोन आणून दिला आणि टीव्ही फिरत्या स्टँडवर घेऊन त्यांच्या कॉटकडे तिरका केला. आवाज गेला आणि निम्मी दहशत गेली. आईही खूश, त्यांना आता मालिकेतले संवाद नीट ऐकू येतात. आधी वाटायचं त्या मुद्दाम आवाज वाढवतात, खरं म्हणजे ऐकूच कमी येत होतं.

निवृत्तनाना, दादर
वरचा प्रतिसाद आवडला, पण सगळ्या धाग्यांत शेवटी खापर म्हाताऱ्यांवर फुटतं याची नोंद घ्यावी.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हापासून मी टीव्ही बघतोय. (पारिजातक, हे "आमच्या लहानपणी"त मोडत नाही, मी तेव्हा नोकरीला लागलो होतो.) तेव्हा काय बघायचं ते दूरदर्शन ठरवत असे. केबल आल्यावर कुणीच ठरवेनासं झालं. मग सेंट झेवियर्समधल्या एका प्राध्यापिकेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि फक्त 'यू' आणि 'यूए' प्रमाणपत्राचे चित्रपटच टीव्हीवर दाखवा असा आदेश झाला. २००६ च्या ऑगस्टमध्ये तर मुंबईत केबलवरचे चित्रपटांचे चॅनल काही दिवस बंदच होते, आठवतंय का कुणाला? घराघरांत काय आकांडतांडव! आता २०२३ च्या दुरुस्तीपासून ही गोष्ट सिनेमॅटोग्राफ कायद्यातच आहे: 'ए' चित्रपट टीव्हीवर आणायचा तर त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र.

म्हणजे चॅनलवरच्या सिनेमाला तरी चाळणी लागते. अ‍ॅपवरच्या मजकुराला सेन्सॉर बोर्ड नाही. तोच सिनेमा टीव्हीवर कापलेला बघितला म्हणून नातवाला अ‍ॅपवर लावून दिला आणि भलतंच समोर आलं, असं होऊ शकतं. आमच्या कट्ट्यावरच्या एका गृहस्थांच्या घरी झालंय.

आणि एक. चाळणी लागते ती रक्ताला आणि उघड्या अंगाला. मालिकेत सून सासूच्या दुधात काहीतरी कालवते, नवरा भर हॉलमध्ये बायकोच्या कानाखाली काढतो, आणि मागे ढोल वाजतात. हे रात्री आठला. माझी नात त्यातली वाक्यं तिच्या बाहुलीला ऐकवते: "या घरात एकतर ती राहील नाहीतर मी." वय वर्षं पाच.

उगाचच
नाना, बाहुलीची बाजू कुणी ऐकून घेतली का?

कायदेपंडित_नाही
नानांच्या मुद्द्यात थोडी भर. अ‍ॅपला सेन्सॉर नाही हे खरं, पण मोकळं रानही नाही. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवाल्यांनी स्वतःच वर्गवारी करायची: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. सुरुवातीला कोपऱ्यात जो आकडा आणि "हिंसा, शिवीगाळ" वगैरे येतं ते यामुळेच. १३+ आणि त्यावरच्या मजकुराला पालकांना कुलूप लावता यावं अशी सोय देणं त्यांना बंधनकारक आहे, 'ए'साठी वय पडताळायची व्यवस्थाही. चित्रपटांच्या 'यूए'चेही आता तसेच ७, १३, १६ असे तीन भाग झालेत. त्यामुळे नुसतं 'यूए आहे, चालेल' म्हणू नका, पुढचा आकडा वाचा.

मुलांच्या विभागात काही खटकलं तर तक्रार करता येते. प्रत्येक प्लॅटफॉर्मला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि १५ दिवसांत निर्णय कळवावा लागतो. समाधान झालं नाही तर त्यांची स्वनियमन संस्था, तिच्यावर मंत्रालयाची देखरेख. मी एका अ‍ॅपला लिहिलं होतं, कारण मुलांच्या पानावर खालच्या ओळीत एका भयपटाचं पोस्टर येत होतं. उत्तर छापील आलं, पण पोस्टर गेलं. लिहिताना कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ आणि टीव्हीच्या पडद्याचा फोटो द्या. "संस्कृती बुडाली" असं लिहिलंत तर कुणी वाचत नाही.

सडेतोड
हे तक्रारबिक्रार कशाला? सरकारने सरळ बंद करावीत असली अ‍ॅप.

कायदेपंडित_नाही
केलीत की. मार्च २०२४ मध्ये १८ प्लॅटफॉर्म एकदम बंद केले, जुलै २०२५ मध्ये आणखी २५ अ‍ॅप आणि संकेतस्थळं. पारिजातकच्या मुलाने "भूत" म्हटल्यावर जे आलं ते यातलं नव्हतं, साध्या नेहमीच्या अ‍ॅपवरचं होतं. मोठ्यांसाठी रीतसर केलेला भयपट सरकारने का बंद करावा? मला तो रात्री अकराला बघायचा असतो.

सडेतोड
तुम्ही बघा हो. प्रश्न मुलांचा चाललाय.

कायदेपंडित_नाही
म्हणूनच पिन.

जुना_केबलवाला, भांडुप
मी या धंद्यात वीसेक वर्षं होतो, म्हणून सेट टॉप बॉक्सचं सांगतो. त्याकडे कुणी बघतच नाही. बॉक्सच्या मेनूत चॅनलला लॉक लावता येतं, डीटीएच असो की केबल. लोक मला फोन करायचे ते पिन विसरल्यावरच. पण त्याहून सोपं म्हणजे नको तो चॅनल घेऊच नका. २०१९ पासून ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नव्या दरपद्धतीत चॅनल आपल्याला निवडता येतात. पॅकेजमध्ये आलेत म्हणून ठेवलेत, एवढंच असतं. केबलवाल्याला सांगा, हे चार काढ. कुरकुर करेल, काढेल.

मनोरंजनाच्या चॅनलवर मोठ्यांसाठीचा मजकूर रात्री ११ ते पहाटे ५ मध्येच, असं ब्रॉडकास्टरांनी स्वतःच ठरवून घेतलंय. त्याविरुद्ध काही दिसलं तर २०११ पासून बीसीसीसी नावाची तक्रार परिषद आहे, तिची पट्टी चॅनलवर खालून सरकत जाते. बातम्यांच्या चॅनलची संस्था वेगळी. गिरणगावचीताई, तुमचा लाल गोलवाला तुकडा तिकडे जाईल, बीसीसीसीकडे नाही.

जाहिरातींचं विचाराल तर कंडोमच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ मध्येच दाखवा, असं मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये चॅनलना सांगितलंय. बाकी जाहिरातींसाठी अ‍ॅस्की, १९८५ पासूनची संस्था, आपल्या मुंबईतलीच. त्यांच्याकडे घरबसल्या तक्रार करता येते. क्रिकेटच्या मॅचमध्ये वेलचीच्या नावाखाली काय विकतात हे पोरांनाही कळतं.

अकरावी_अ
मी सतरा वर्षांचा आहे, बोलू का? तुम्ही सगळे पिन पिन करताय, पण पिन टाकताना रिमोट मुलांसमोर धरता. पडद्यावर चौकोन सरकताना दिसतो, आकडे लपलेले असले तरी. मी आठवीत असताना बाबांचा पिन असाच काढला. तसं बघायचीही गरज नव्हती, तो आमच्या स्कूटरचा नंबर होता. माझ्या मित्राकडे बिल्डिंगचं नाव आणि फ्लॅट नंबर. आईबाबांच्या पिढीचे पिन पाच-सहा प्रकारचेच असतात.

पिन फोनवरून सेट करा आणि शक्यतो मुलं शाळेत असताना.

आणि यूट्यूबबद्दल कुणीच नीट बोललं नाही. टीव्हीवरचं यूट्यूब बाबांच्या अकाउंटने लॉगिन असतं. बाबा फोनवर रात्री काय बघतात त्याच्या शिफारशी सकाळी हॉलमध्ये दिसतात. आमच्याकडे एकदा आत्या आली होती तेव्हा... जाऊ दे.

रिमोटवाला
अकरावी_अ, शंभर मार्क. यूट्यूबचं राहिलं होतं.

लहानांसाठी टीव्हीवरच्या यूट्यूबमध्येच यूट्यूब किड्सचं प्रोफाइल काढा. टीव्हीवरचं वेगळं अ‍ॅप २०२४ मध्ये बंद झालं. वयाचे गट आहेत: चारपर्यंत, पाच ते आठ, नऊ ते बारा. पारिजातकच्या धाकट्यासाठी मी 'फक्त पालकांनी मंजूर केलेलं' हा पर्याय घेईन. त्यात शोध बंदच होतो, तुम्ही निवडलेले चॅनल तेवढे दिसतात. मोठीसाठी गट निवडा आणि शोध बंद ठेवा. यंत्राने गाळलेलं असतं, त्यामुळे अधूनमधून एखादं विचित्र निसटून येतंच. आलं की तिथल्या तिथे ब्लॉक करा.

मोठ्यांचं यूट्यूब त्याच अ‍ॅपमध्ये राहतं, तेव्हा त्यात प्रतिबंधित मोड चालू करा, आणि टीव्हीसाठी घरचं वेगळं अकाउंट काढा, ज्यावर भजनं, रेसिपी आणि किल्ल्यांचे व्हिडिओ याशिवाय काही बघितलेलं नसेल. नुसतं साइन आउट करून भागत नाही. साइन आउट केल्यावर पाहुणा म्हणून बघता येतं आणि त्यात तुमचं एकही सेटिंग लागू नसतं.

खोताची_वाडी
आमच्याकडे वेगळीच तऱ्हा झाली, सांगून ठेवते. मजल्यावर तीन घरांत मिळून एकच वायफाय, पैसे वाटून. एका संध्याकाळी टीव्हीवर आरती लावली होती, मधेच पडदा काळा, आणि भलत्याच सिनेमातला स्नानाचा प्रसंग सुरू. मुलं पुढ्यात. मी रिमोट दाबतेय, बंद होतंय, पुन्हा सुरू होतंय. पलीकडच्या घरातला कॉलेजचा मुलगा स्वतःच्या टीव्हीवर पाठवायला गेला आणि यादीत आमचा टीव्ही निवडला गेला. दोन्ही टीव्ही एकाच कंपनीचे, नावंही एकच. तो पोरगा आठवडाभर जिन्यात मान वर करत नव्हता.

रिमोटवाला
एका वायफायवर असलेला कुणीही फोन तुमच्या टीव्हीला मजकूर पाठवू शकतो, शेजारी असो की पाहुणा. टीव्हीचं नाव बदला हा निम्मा उपाय. खरा उपाय म्हणजे राउटरमध्ये पाहुण्यांसाठी दुसरं नेटवर्क काढून शेजाऱ्यांना ते द्या.

राउटर उघडलाच आहे तर डीएनएसच्या (साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका. क्लाउडफ्लेअरची मोफत सेवा आहे, २०२० पासून, प्रौढांच्या साइट सगळ्या घरासाठी बंद होतात. इंटरनेट कंपनीने राउटरला कुलूप घातलं असेल तर टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्येही टाकता येतं. पण हे टाकीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यासारखं आहे, मोठा कचरा अडतो इतकंच. नेटफ्लिक्स किंवा यूट्यूबच्या आत काय चाललंय ते याला दिसत नाही. आणि फोन मोबाइल डेटावर गेला की संपलं.

शाळेतल्या_बाई
मी शाळेत समुपदेशक आहे. कुलुपांबद्दल मला फार कळत नाही, पण निसटून बघितलं गेल्यानंतरचं रोज बघते.

आधी तो रिमोट हिसकावणं टाळा. मुलाने काय बघितलं हे आपल्याला माहीत नसतं आणि ओरडल्यावर ते कळायचा मार्गच बंद होतो. शांतपणे बंद करा, थोड्या वेळाने विचारा: काय दिसलं, तुला काय वाटलं. उत्तर भलतंच निघतं. एका मुलाला प्रेताची भीती वाटलीच नव्हती, शेजारी भुंकणारा कुत्रा उपाशी असेल म्हणून तो रडत होता. चार-पाच वर्षांच्या मुलाला नाट्य-रूपांतर आणि खरं यातला फरक कळत नाही. बातम्यांत तोच तुकडा दहा वेळा दिसला तर घटना दहा वेळा घडतेय असं त्याला वाटू शकतं. म्हणून गिरणगावचीच्या मुलीचं संडासला एकटं न जाणं मला अगदी सरळ वाटतं.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीही सांगते: दोन वर्षांच्या आत पडदा नाहीच, दोन ते पाच जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा दोन तासांच्या आत. आणि जेवताना बंद. पारिजातक, तुमच्या घरात वेळ पाळणं कठीण आहे हे दिसतंय, दुपारभर आजी-आजोबा एकटे सांभाळतात. मग निदान जेवणाचं तरी धरा.

आठ वर्षांच्या मुलीला मात्र कुलूप कशासाठी लावलंय ते सांगा. न सांगता लावलेलं कुलूप ती कोडं म्हणून सोडवायला घेईल. (अकरावी_अ साक्षीला आहेच.)

पारिजातक
सगळ्यांचे आभार, रविवार खरंच गेला. आमची दोघांची प्रोफाइलं पिनखाली गेली, यूट्यूब किड्स लावलं, होमस्क्रीन साफ केला. केबलवाल्याला फोन करून चॅनल कमी केले, बिलही उतरलं. मुलीला बसवून सांगितलं. तिचं म्हणणं, मग आजोबांच्या बातम्यांनाही पिन लावा. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि जेवणाच्या वेळी बातम्या स्वतःहून बंद केल्या. दोन दिवस तरी.

पण नवा पेच. सासऱ्यांना पिन लक्षात राहत नाही म्हणून त्यांनी तो कालनिर्णयवर, एकादशीच्या चौकोनात लिहून ठेवलाय. मुलीला कालनिर्णय वाचता येतं.

निवृत्तनाना, दादर
माझ्या फोनच्या मागे चिकटवलाय. फोन माझ्या खिशात असतो.

खोताची_वाडी
रिमोटवाला, एक शेवटचं. गणपतीत नाशिकचे भाऊजी राहायला होते, त्यांनी आमच्या टीव्हीवर स्वतःच्या अकाउंटने एक अ‍ॅप लॉगिन केलं. ते गेले, अकाउंट इथेच. त्यात मुलांचं प्रोफाइल नाही आणि पिन लावायला त्यांचा पासवर्ड लागतो. काढू कसं?

रिमोटवाला
टीव्हीवर त्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये साइन आउट असतं, त्याला पासवर्ड लागत नाही. सापडलं नाही तर टीव्हीच्या अ‍ॅप यादीत जाऊन त्या अ‍ॅपचा डेटा पुसून टाका. नाहीतर भाऊजींना त्यांच्या फोनवरून 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' करायला सांगा.

खोताची_वाडी
डेटा पुसला, झालं. आता भाऊजींचा फोन आलाय, त्यांचं अकाउंट चालतंय की बंद पडलंय म्हणून. माझ्या नणंदेच्या नावावर आहे म्हणे ते.